सांगितलं होतं की नव्हतं

लिंबायत, सुरत
९ जून २०२४

चि. सोनालीस हिलालकाकाचे आशीर्वाद.

पाकीट पाहून घाबरू नकोस. घरी सगळे आहेत तसेच आहेत. तुझी माय बरी आहे, गुडघा सोडला तर. माझी चंचल साड्यांवर टिकल्या चिकटवायला जाते आणि संध्याकाळी मान धरून घरी येते. तुझी काकू गेल्यापासून दोन वेळचं जेवण तुझ्या मायच्याच हातचं आहे, त्यामुळे माझी काही तक्रार नाही.

लूमच्या कारखान्यात छत्तीस वर्षं काढली आणि कान तिथेच ठेवून आलो. फोनवर तू जे बोलतेस ते चंचल माझ्या तोंडासमोर येऊन ओरडून सांगते. त्यातलं निम्मं गल्लीला कळतं, मला काहीच कळत नाही. तिच्या मोबाइलवर लिहावं तर आधी तीच वाचते. म्हणून पोस्टात जाऊन पाकीट आणलं. तिथला माणूस माझ्याकडे बघतच राहिला.

दिवाळीत तू चंचलला तुझा अभ्यास समजावत होतीस, तेव्हा मी कोपऱ्यात बसून तुझे ओठ वाचत होतो. तू म्हणालीस, घडलेल्या गोष्टीची कुठेतरी खूण राहिली तरच ती घडली असं म्हणता येतं. बरोबर वाचलं का मी?

विचारायचं कारण धुडकू. माझा जुना दोस्त, पूर्वी कतारगामच्या कारखान्यात होता. तू लहानपणी पाहिला असशील. त्याला एका माणसाला एक महत्त्वाची गोष्ट सांगायची होती. ती सांगितली की राहून गेली, हे त्याला आता आठवत नाही. ज्याला सांगायची तो माणूस उरला नाही. पाहणारं कोणी नव्हतं आणि कुठे काही लिहिलेलं नाही. धुडकू मला विचारतो, मी सांगितलं होतं की नव्हतं? मी सातवी शिकलेला, मी काय सांगणार? तुझ्या शास्त्रात याचं काही असेल तर कळव. घाई नाही. म्हणजे त्याला नाही.

तुझा,
हिलालकाका


बेंगळुरू
१९ जून २०२४

ती. काकांना शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचं पाकीट हॉस्टेलच्या ऑफिसात चार दिवस पडून होतं. इथे कुणाला हाताने लिहिलेलं पत्र येत नाही, त्यामुळे त्यांना ते कोर्टाचं वाटलं! मी पाचव्या वर्षाला आहे, प्रबंध पुढे सरकत नाही, आणि आठवडा आठवडा माझ्याशी कोणी मराठीत बोलत नाही. तुमचं पत्र मी जेवताना वाचलं आणि मग जेवण तसंच राहिलं.

ओठ तुम्ही अगदी बरोबर वाचलेत. आता नीट सांगते. प्रकाशाचा एक बारीकसा कण घ्या. त्याच्यापुढे दोन वाटा ठेवा आणि पलीकडे तो पोचला एवढंच बघा. तो कुठल्या वाटेने गेला? आपल्याला वाटतं, गेला असेल एकीने, आपल्याला माहीत नाही इतकंच. पण तसं धरून गणित केलं तर उत्तर चुकतं. वाटेत कुठेच खूण राहिली नसेल तर ‘या वाटेने गेला’ ही एक हकीकत आणि ‘त्या वाटेने गेला’ ही दुसरी हकीकत, या दोन्ही एकमेकींत गुंतलेल्या राहतात. त्यांना सुटं करून अमुक इतकी शक्यता हिची आणि इतकी तिची असं म्हणताच येत नाही. वाटेत एखादा अणू जरी हलला, कुठे धूळ जरी उडाली, तरी खूण राहिली. मग दोन हकीकती सुट्या होतात आणि प्रश्नाला अर्थ येतो.

म्हणून धुडकूकाकांना सांगा, की कुठेच खूण नसेल तर ‘सांगितलं की नाही’ हा प्रश्नच आमच्या शास्त्राला मान्य नाही. उत्तर आपल्याला माहीत नाही असं नव्हे काका, उत्तरच नाही. त्यांनी निवांत चहा प्यावा.

मायला गुडघ्याला तेल लावायला सांगा. ती माझं ऐकत नाही.

तुमची,
सोनाली


लिंबायत, सुरत
२९ जून २०२४

चि. सोनालीस आशीर्वाद.

तुझं पत्र धुडकूला वाचून दाखवलं. तीनदा वाचायला लावलं त्याने. ‘उत्तरच नाही’ या ओळीखाली त्याने माझ्या पेनाने रेघ ओढली. एवढी शिकलेली पोरगी म्हणते म्हणजे तसंच असणार, असं म्हणाला. त्या दिवशी तो पोटभर जेवला. कित्येक वर्षांत तसा जेवला नव्हता.

तुला वाटेल एवढं काय त्यात. तर ऐक. शंभर माग एका छपराखाली चालतात तेव्हा तिथे माणसाचा आवाज कामाला येत नाही. कानात ओरडलं तरी कळत नाही. म्हणून आम्ही सगळं हाताने बोलतो. धागा तुटला, धोटा अडकला, शेठ आला, चहा आला, प्रत्येकाची वेगळी खूण. बोलणं असं की हात खाली गेला की संपलं. भिंतीपलीकडच्यालाही त्याचा पत्ता नसतो.

धुडकूच्या जोडीदाराचं आणि त्याचं तसंच झालं. जोडीदार म्हणजे त्याच मागांवर एक दिवसा आणि एक रात्री. सकाळी आठला एक जातो, दुसरा येतो. एक माग करंट मारत होता. रात्रपाळीवाल्याने दिवसपाळीवाल्याला ते सांगायचं असतं. कतारगामला त्याची खूण म्हणजे उजव्या हाताची बोटं झटकायची, पाणी झटकतो तशी. ती खूण धुडकूने केली की नाही हा सगळा प्रश्न. जोडीदार त्याच सकाळी त्या मागाला चिकटून गेला.

धुडकू जोडीदाराच्या बायकोच्या घरी अजून जातो येतो. इतकी वर्षं मान खाली घालून जेवायचा. परवा म्हणाला, आता तिच्या तोंडाकडे बघून भाकरी मागता आली.

आमच्या गल्लीतले जुने माग भंगारवाले नेतात. लोखंडाचे तुकडे टेम्पोत टाकतात तेव्हा जमीन हादरते, तेवढं मला पायातून कळतं. तुझा अभ्यास चालू ठेव. तो कामाचा आहे.

हिलालकाका


बेंगळुरू
१० जुलै २०२४

ती. काकांना नमस्कार.

एक चूक दुरुस्त करायची आहे म्हणून घाईघाईत लिहिते.

माझे मार्गदर्शक चंद्रकांत सर मूळचे जळगावचे. त्यांना मी कौतुकाने तुमच्या पत्राचं सांगितलं. सर हसतील असं वाटलं होतं, त्यांनी माझी बिनपाण्याने केली. म्हणाले, ‘कणाचं गणित माणसाच्या हाताला लावलंस? पाच वर्षं काय केलंस इथे?’ मला रात्रंदिवस तेच डोक्यात असल्यामुळे मी वाहवत गेले.

खरं असं आहे. हात केवढा मोठा असतो काका. तो वर गेला तर हवा हलते, दिव्याचा प्रकाश अडतो, भिंतीवरची सावली बदलते, कपड्यावरची रुई उडते. क्षणात कोट्यवधी ठिकाणी त्याची नोंद होते आणि पुसली जात नाही. ‘हात उचलला’ आणि ‘नाही उचलला’ या दोन हकीकती तिथल्या तिथे कायमच्या सुट्या होतात. म्हणजे दोन्हींपैकी एकच घडली. प्रश्नाला उत्तर आहे. फक्त त्या नोंदी इतक्या विखुरतात की त्या गोळा करणं कुणाला कधीच जमणार नाही.

माझा प्रबंध याच्याच आसपास आहे. जगाच्या हकीकतीबद्दल जेवढे प्रश्न विचारायची गणित परवानगी देतं, ते सगळे विचारून झाल्यावरही जे अज्ञान उरतं ते मोजायचं. ते जितकं कमी तितकी माहिती जास्त, अशी माहितीची व्याख्या करायची. ढोबळ प्रश्नांना परवानगी सहज मिळते. प्रश्न बारीक करत गेलं तर एका ठिकाणी गणित नकार देतं. पण धुडकूकाकांचा प्रश्न मुळीच इतका बारीक नाही. तो चांगला ढोबळ आहे.

तर त्यांना सांगा, सोनाली चुकली. त्यांनी एक तर सांगितलं होतं किंवा नव्हतं. उगाच खोटा दिलासा राहायला नको म्हणून कळवलं. आता महिनाभर परिषदेच्या गडबडीत असेन.

सोनाली


बेंगळुरू
११ ऑगस्ट २०२४

ती. काका,

महिना झाला, तुमचं उत्तर नाही. काल चंचलचा फोन आला. म्हणाली, तुम्ही मायकडे जेवायला जाणं बंद केलंय. डबा घरी मागवता आणि तो तसाच परत जातो. दुपारी जुन्या कारखान्यापाशी जाऊन उभे राहता. तिथे आता कुलूप आहे ना?

मी तिला म्हटलं, काका धुडकूकाकांकडे तरी जातात का? ती म्हणाली, ‘कोण धुडकूकाका? ते तर कोरोनात गेले.’

काका, मी तुमचं दुसरं पत्र काढून पुन्हा वाचलं. त्याच मागांवर एक दिवसा आणि एक रात्री. मला लहानपणापासून एवढंच ठाऊक आहे की अण्णा कारखान्यात करंट लागून गेले. त्यांचा जोडीदार कोण होता हे मी कधी विचारलंच नाही.

तुम्ही होतात का?

सोनाली


लिंबायत, सुरत
१९ ऑगस्ट २०२४

चि. सोनालीस आशीर्वाद.

हो, मीच होतो.

धुडकूचं नाव घ्यायला नको होतं. मेलेल्या माणसाच्या अंगावर आपलं घोंगडं टाकलं. पण तुला सरळ विचारायला तोंड नव्हतं.

४ जून २००४, शुक्रवार. सहा नंबरच्या मागाला पहाटेपासून करंट येत होता. मला एकदा झटका बसला, मी तो बंद ठेवला. मनात होतं, तुझा बाप भटूभाऊ आला की सांगायचं आणि मग माग दुरुस्त करणाऱ्या मास्टरला. आठला भाऊ आला. डबा खुंटीला अडकवला, शर्ट काढून ठेवला. इथपर्यंत सगळं लख्ख आहे. पुढे मला दोन चित्रं दिसतात. एकात मी सहा नंबरकडे बोट करून खूण करतो, भाऊ मान हलवतो. दुसऱ्यात मी हात पुसत त्याच्या बाजूने बाहेर पडतो. मला घाई कसलीच नव्हती. झोप आली होती, एवढंच. दोन्ही चित्रं सारखीच स्वच्छ आहेत. आधी पहिलंच होतं. दुसरं कधी आलं ते माहीत नाही, पण ते आलं आणि गेलंच नाही. घरी येऊन अंथरुणावर पडलो तेवढ्यात कारखान्यातलं पोरगं बोलवायला आलं.

शेठने सगळ्यांसमोर विचारलं, ‘हिलाल, उसको बताया था?’ मी म्हटलं, बताया था. विचार करून म्हटलं नाही. तोंडातून निघालं. तुझी माय तिथेच जमिनीवर बसलेली होती. तिने ते ऐकलं.

तेव्हापासून ती माझ्यावर कधी रागावली नाही. ती भाऊवर रागावली आहे. तुझ्यासमोर बोलत नाही, पण मी रोज तिच्या ओट्यावर जेवलोय, मला माहीत आहे. फोटोकडे बघून म्हणते, ‘सांगीसन बी आयकं नै. पोरगीना इचार बी नै करा.’ तुझी फी भरताना म्हणाली, तू दहावीला पहिली आलीस तेव्हा म्हणाली. वीस वर्षं ती एका मेलेल्या माणसाशी भांडतेय, ते माझ्या एका शब्दामुळे. तो शब्द खरा असेल तर भांडू दे बापडी. खोटा असेल तर मी भावाला दोनदा मारलं.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा वाटलं, सुटलो. उत्तरच नाही म्हणजे मी खोटंही बोललो नाही. दुसरं आलं आणि कळलं, उत्तर आहे, फक्त माझ्याकडे नाही. तू चूक दुरुस्त केलीस ते चांगलंच केलंस. शास्त्र खोटं शिकवून कसं चालेल?

आता मला एकदाच काय ते ठरवून टाकायचं आहे. तू त्याची मुलगी आहेस आणि या विषयातली शिकलेली आहेस. सगळं तुला सांगितलं, काही लपवलं नाही. तू सांग, मी सांगितलं होतं की नव्हतं. तू जे लिहिशील तेच मी वहिनीला सांगणार.

हिलालकाका


बेंगळुरू
२८ ऑगस्ट २०२४

ती. काका,

तुमचं पत्र येऊन चार दिवस झाले. रोज लिहायला बसते आणि कागद फाडते. मी तुमच्यावर रागावलेली नाही, हे आधी लिहिते. शाळेच्या दाखल्यावर पालक म्हणून तुमची सही आहे. माझी सायकल तुम्ही आणलीत. त्यासाठी तुम्ही दोन वर्षं विडी सोडली होती, हे मला फार उशिरा कळलं.

आता जे सांगते ते मी कुणालाच सांगितलेलं नाही, कारण मला ते स्वप्न वाटायचं.

त्या दिवशी मी तिथे होते. शाळेला सुट्टी होती आणि मी अण्णांच्या मागे लागून कारखान्याच्या दारापर्यंत गेले होते. आत केवढा तरी आवाज होता. मी कानांवर हात ठेवले. अण्णा आत गेले. तुम्ही त्यांच्यासमोर उभे होतात. तुम्ही आधी एका मागाकडे बोट दाखवलंत आणि मग उजव्या हाताची बोटं झटकलीत, पाणी झटकतात तशी. मला वाटलं तुम्ही मला टाटा करताय. म्हणून मीही हात हलवला. अण्णांनी मान डोलावली. मग मी पळत घरी आले.

ते काय होतं ते मला तुमची पत्रं वाचून कळलं. खूण राहिली होती काका. ती माझ्यापाशी होती.

तुम्ही सांगितलं होतं. मायला काही सांगू नका, सांगण्यासारखं नवीन काहीच नाही. आजपासून तिच्याकडे जेवायला जा.

तुमची,
सोनाली


लिंबायत, सुरत
७ सप्टेंबर २०२४

चि. सोनालीस आशीर्वाद.

पत्र चार वेळा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी ओट्यावर बसून मोठ्याने रडलो. मोठ्याने हे चंचलने सांगितलं, मला माझा आवाज कळत नाही. शेजारची बाई पाणी घेऊन आली. तुझा एवढासा हात मला दारात हलताना दिसला सुद्धा.

दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचलं. मग खुणेपाशी थांबलो.

सोनाली, बोटं झटकण्याची खूण कतारगामची आहे. प्रत्येक कारखान्याची बोली वेगळी असते. माणूस कारखाना बदलतो तेव्हा त्याला आठ दिवस मुक्यासारखं वाटतं. आमच्याकडे करंट दाखवायला पालथी मूठ कपाळाला लावत. बोटं झटकली तर आमचा माणूस समजायचा, पाणी आलं, हंडा भरून घे. त्या पत्रात मी धुडकूच्या नावाने लिहीत होतो, म्हणून त्याच्या कारखान्याची खूण लिहिली. खोटं बोलायचं तर नीट बोलावं, असं मनात होतं.

म्हणजे तू जे पाहिलंस ते त्या सकाळचं नव्हे. ते माझ्या पत्रातलं आहे. मीच पाठवलं आणि तू मला परत केलंस.

मी रागावलो नाही. कसा रागावू? तू हे कोणासाठी केलंस ते कळतं मला. पण पोरी, तुझी खात्री असती की मी सांगितलं होतं, तर तुला एवढं रचावं लागलं नसतं. पाच वर्षं तू हेच शिकते आहेस, आणि माझं पत्र वाचून तुलाही वाटलं की हिलाल हात पुसत निघून गेला. ते वाटलं म्हणूनच तू दारात येऊन उभी राहिलीस.

काल वहिनीकडे गेलो. ती मेथी निवडत होती. मी म्हटलं, ‘वहिनी, मी भाऊले सांगेल नव्हतं. त्या दिनले मी खोटं बोलनू.’ तिने वर पाहिलं नाही. सगळी जुडी निवडून होईपर्यंत मी उभा होतो. मग ती आत गेली.

हिलालकाका


बेंगळुरू
१५ सप्टेंबर २०२४

ती. काका,

हो, मी खोटं लिहिलं. मी त्या दिवशी घरीच असेन. मला त्या सकाळचं खरंच काही आठवत नाही. लोक जमलेले आणि कुणीतरी मला बिस्किटाचा पुडा दिलेला, एवढंच आठवतं.

पण तुम्ही काढलेला अर्थ चुकीचा आहे. मी घाबरले होते काका. डबा परत जातो हे ऐकून घाबरले होते. तुम्ही सांगितलंच नव्हतं असं मला वाटलं म्हणून मी लिहिलेलं नाही. माझ्या खोट्यात त्या सकाळची कसलीच माहिती नाही. त्यावरून तुम्ही निर्दोष ठरत नाही, तसे दोषीही ठरत नाही. कुठल्याच बाजूला ते वजन टाकत नाही. हे मी तुमची पुतणी म्हणून सांगत नाही, याच विषयातली म्हणून सांगते.

तुम्ही मायला जे सांगितलंत तेही खरं नाही. ‘सांगितलं होतं’ हेही नाही. आपल्याकडे खरं वाक्य एकच आहे, माहीत नाही. कृपा करून तिला तेवढंच सांगा. मी फोन केला तर ती माझ्याशी भाजीच्या भावाबद्दल बोलते आणि ठेवून देते.

माझ्या हातून फार मोठी चूक झाली. मला माफ करा.

सोनाली


लिंबायत, सुरत
४ ऑक्टोबर २०२४

चि. सोनालीस आशीर्वाद.

माफी मागू नकोस. तू रडत लिहिलंस ते कागदावर दिसतं.

वहिनी तीन आठवडे माझ्याशी बोलली नाही. डबाही बंद झाला. मग एक दिवस सकाळी स्वतःच दारात आली. आत आली नाही. मला कळावं म्हणून ओठ सावकाश हलवून तिने विचारलं, ‘मंग मी ईस वरीस कोनासंगे भांडन करं?’ तिने दोनदा विचारलं. मग म्हणाली, तो गेला तेव्हा तिने त्याचं तोंडसुद्धा नीट पाहिलं नव्हतं, इतका राग आला होता. हे मला माहीत नव्हतं.

तेव्हा तुझं पत्र माझ्या खिशात होतं. ‘माहीत नाही’ म्हणायला तोंड उघडलं होतं. पण ते म्हटलं नाही.

तू लिहितेस ते मला पटलंय सोनाली. उत्तर आहे आणि ते कुणाला मिळणार नाही, हेही पटलंय. पण ‘माहीत नाही’वर बाईने रागवायचं कसं? तिला कुणावर तरी रागवावंच लागणार, तिचा नवरा गेलाय. वीस वर्षं ती भाऊवर रागावली, त्याला सफाई देता आली नाही. आता माझ्यावर रागावू दे. मी जिवंत आहे, समोर आहे, मला सोसेल. कदाचित मी सांगितलंही असेल. ते आता माझं मी बघेन.

दिवाळीला येशील तेव्हा तिच्यासमोर तुझं शास्त्र काढू नकोस. तुझ्या बापाचं काम समजून एवढं गप्प राहा.

परवा सर्वपित्री झाली. वहिनीने कढी, उडदाचे वडे आणि खीर केली होती. दरवर्षी ती पान वाढते आणि पाठ फिरवून आत जाते. यंदा पानासमोर बसून राहिली. ‘जेव’ म्हणाली, असं चंचलने सांगितलं, आणि कितीतरी वेळ काहीबाही बोलत होती. चंचल तिकडेच जेवली. गल्लीतल्या चार घरी ताटं गेली. मला बोलावणं नव्हतं. मी घरी खिचडी टाकली.

हिलालकाका